गुरुवारी कोण बसलं होतं

स्टॉकहोम, १४ सप्टेंबर

प्रिय टोर्ग्नी,

मुरंब्याचं खोकं पोचलं. एक बाटली वाटेत सांडली होती. स्टाफान म्हणाला, "तुझ्या भावाला मुरंबा करता येतो, झाकण लावता येत नाही." पण उरलेल्या बाटल्यांतली एक त्यानंच एका बैठकीत अर्धी केली. नवरा माझा, बाजू तुझी घेतो.

टुवा बरी आहे. दोन कुबड्यांची आता एक झाली. डावा कान मात्र परत येणार नाही, असं डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, वर्गात कंटाळवाणी माणसं डावीकडे बसवीन." आम्ही हसलो. मग ती तिच्या खोलीत गेली. हल्ली आम्ही तिघं जेवायला बसतो तेव्हा स्टाफान आणि मी दोघंही तिच्या उजव्या हाताला बसतो आणि टेबलाची एक बाजू रिकामी राहते.

आता कामाचं. न्याय मंत्रालयानं नव्या कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली आहे आणि मी तिची सचिव आहे. जूनमध्ये एकसुंदच्या धक्क्यावर जे झालं त्यानंतर हे होणारच होतं. इंटरनेटवर माणसं जिथं जिथं एकमेकांशी बोलतात त्या प्रत्येक सेवेनं कोण कुणाशी केव्हा बोललं हे वर्षभर जपून ठेवायचं, पोलिसांनी मागितलं की द्यायचं, आणि संशय असेल तर मजकूरही उघडून दाखवायचा. धीर देणाऱ्या, सल्ला देणाऱ्या सगळ्या सेवा त्यात येतात. तुमची पाद्र्यांचीही. समितीच्या प्रमुख इंगेगेर्ड म्हणून निवृत्त न्यायाधीश आहेत. माझी टुवा त्या धक्क्यावर जखमी झाली हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "झेपेल तुला?" मी म्हटलं, झेपेल. पांढऱ्या टोप्या घालून शाळा संपल्याची गाणी म्हणणारी पोरं होती ती, टोर्ग्नी. मला हे काम हवं होतं.

परवा वर्तमानपत्रात आलेलं तू वाचलं असशील. बॉम्ब ठेवून स्वतःही मेलेल्या त्या माणसाच्या फोनवरून पोलिसांना कळलं, की एप्रिलमध्ये त्यानं चर्चच्या इंटरनेटवरच्या पानावर जाऊन पाद्र्याला लिहिलं होतं आणि एका गुरुवारी त्याला उत्तर आलं होतं. काय लिहिलं, काय उत्तर आलं, ते आता सापडत नाही, कारण तुम्ही काही ठेवतच नाही.

तू गुरुवारी उत्तरं द्यायला बसतोस.

तूच होतास का? फक्त हो किंवा नाही एवढं लिही. मी रागावणार नाही.

तुझी,
पेर्निल्ला

*

होगलुंदा, २१ सप्टेंबर

प्रिय पेर्निल्ला,

झाकणाबद्दल स्टाफानचं बरोबर आहे. ती बाटली मी शेवटी भरली आणि तेवढ्यात यॉर्डिस आली. चर्चची देखभाल करणारी आमची यॉर्डिस तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात जिनं भाषण लांबलं म्हणून मला बाहीला धरून खाली बसवलं होतं तीच. ती आली की माणूस हातातलं काम विसरतो. इथं मूस हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत. रविवारी चर्चमध्ये बायका आणि मी. पुरुष सगळे रानात. मी देवाला सांगितलं, हजेरी घेऊ नकोस.

टुवाचं नाव मी रोज सकाळी घेतो. आधी तिचं घेतो, मग बाकीच्यांचं. त्या धक्क्यावरून जी परत आली नाहीत त्यांचीही घेतो, आणि ज्यानं ते केलं त्याचंही. हे शेवटचं तुला आवडणार नाही. लपवायचं नाही म्हणून लिहिलं.

तू विचारलंस त्याला माझ्याकडे उत्तर नाही. हो नाही आणि नाहीही नाही. यात काही सूचना शोधू नकोस. समज, तो माणूस माझ्याशी कधीच बोललेला नाही आणि आज मी तुला तसं सांगून टाकलं. तुझ्या जिवाला बरं वाटेल. पण पुढच्या वेळी असंच कुणी विचारलं आणि मी गप्प राहिलो, की त्या गप्प राहण्याचा अर्थ हो असा होईल. म्हणून पाद्री नाही असंसुद्धा म्हणू शकत नाही. दीक्षा घेतली तेव्हा हे मी शपथेवर स्वीकारलं. न्यायालयही मला हे विचारू शकत नाही, हे तुला कायदा शिकलेलीला मी काय सांगणार.

पण तू न्यायालय नाहीस. तू माझी बहीण आहेस.

तुझा,
टोर्ग्नी

*

स्टॉकहोम, ३ ऑक्टोबर

टोर्ग्नी,

बाबांनी जन्मभर बर्फातून सायकल रेटत दुसऱ्यांची पत्रं वाटली. आई गेल्यावर आपण ठरवलं, महिन्याला एक पत्र हातानं लिहायचं, म्हणजे बाबांच्या कामाला आपल्याही घरातून थोडी भर पडेल. त्या पत्रातून तू मला हे पाठवलंस.

माझा पगार किती हे माझा शेजारी कर खात्याला एक फोन करून विचारू शकतो. माझं वय, माझा पत्ता, माझ्या घरात कोण राहतं, सगळं कुणालाही बघता येतं. या देशात कुणाचं काही झाकलेलं नाही आणि त्यानं आपण मेलो नाही. तुमच्याच कोपऱ्यावर पडदा कशाला, पाद्रीबुवा? त्या पडद्यामागे बसून एक माणूस काहीतरी बोलला आणि दोन महिन्यांनी माझ्या पोरीचा पाय हातात घेऊन मी रुग्णवाहिकेत बसले होते. कुणीतरी ते ऐकलं होतं. एका माणसाला माहीत होतं, किंवा माहीत असू शकत होतं. मला झोप येत नाही ती एवढ्यानंच.

तुला या मसुद्यावर काही म्हणायचं असेल तर चारचौघांसारखं कचेरीत लिही. सगळ्यांची मतं मागवली आहेत, डिसेंबरपर्यंत मुदत आहे, तुझंही वाचीन. घरच्या पत्रात आता फक्त मुरंबा.

पेर्निल्ला

*

न्याय मंत्रालय, स्टॉकहोम यांस
होगलुंदा, २० ऑक्टोबर

विषय: संभाषण सेवांच्या नोंदी ठेवण्याबाबतचा मसुदा

मी होगलुंदा इथला पाद्री. चर्चच्या पानावर माणसं नाव न सांगता लिहितात आणि आम्ही देशभरातले पाद्री पाळीपाळीनं एका दिवसात उत्तर देतो. गुरुवारी चार-पाच जण बसतो, त्यांतला मी एक. माझं म्हणणं थोडक्यात असं.

पोलिसांचं काम अवघड आहे आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. फोन कंपन्यांनी काय ठेवावं, किती दिवस ठेवावं, ते ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण ज्याच्या मनात वाईट शिरलं आहे त्याला ते बोलून दाखवायला एक तरी जागा हवी. तिथं समोरचा माणूस त्याला म्हणू शकतो, चल, मी तुझ्याबरोबर पोलिसांकडे येतो. असं कुणी कधी गेलं का, हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, की आपलं नाव कुठंतरी नोंदलं जातं हे कळल्यावर तो माणूस मुळात येणारच नाही. मग त्याचं ऐकायला कुणीच नसेल, आम्ही नाही आणि पोलिसही नाहीत. आणि त्याच्याबरोबर बाकीचेही यायचे थांबतील. ज्यांच्या मनात कुणाचं वाईट नसतं, फक्त दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, असे.

मसुद्यातून ही एक सेवा वगळावी, अशी विनंती.

टोर्ग्नी हेडमार्क

पेर्निल्ला, हे पुढचं पान तुझ्यासाठी. तू घरी फक्त मुरंब्याचं लिही म्हणालीस, म्हणून इथंच घालतो. स्टाफाननं मला फोन केला होता. तू टुवाच्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसून तिचा श्वास ऐकत असतेस, असं तो म्हणाला. तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत नाही, असंही म्हणाला. रडत होता तो. तू हा मसुदा रागानं लिहिते आहेस असं मला वाटतं आणि त्यात तुझी चूक नाही. पण राग आणि कायदा एकाच हातानं लिहू नये. थोडे दिवस रजा घे. इकडे ये. मी भाकरी शेकीन, तू झोप.
टोर्ग्नी

*

स्टॉकहोम, ६ नोव्हेंबर

टोर्ग्नी,

कचेरीत आलेला लिफाफा नोंदणीवाली बाई उघडते. त्यात जे जे असेल त्यावर शिक्का मारते, क्रमांक घालते आणि ते सरकारी कागद होतं. मग रस्त्यावरचा कुणीही येऊन ते मागू शकतो. हे तुला शाळेत शिकवलं होतं, मलाही त्याच शाळेत शिकवलं होतं. मी कचेरीत मत लिही म्हटलं होतं, माझी झोप लिही असं नाही.

एका वार्ताहरानं या विषयावर आलेली सगळी पत्रं मागवली. त्याला ती देणं भाग होतं. मंगळवारी पहिल्या पानावर आलं: कायदा लिहिणारी, जखमी मुलीची आई. पाद्री भाऊ म्हणतो, रागानं लिहिते. खाली माझा फोटो, आपल्या उघड्या देशात तोही सहज मिळतो. स्टाफान रडला हे त्याच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी वाचलं. तो वर्गात गेला तर मुलं एकदम शांत बसली. एरवी तो यासाठी घसा फोडतो. इंगेगेर्डनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तू निःपक्षपाती राहू शकतेस का, मला खरं सांग." मी खरं काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, आठवडाभर घरी थांब, मी विचार करते.

हे सगळं मी गिळलं असतं. पण टुवानंही वाचलं. मी तिच्या दाराबाहेर बसते हे तिला माहीत नव्हतं. आता ती दार आतून लावून घेते.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. तरी सध्या लिहू नकोस. मला वाटेल तेव्हा मी लिहीन.

पे.

*

होगलुंदा, ३० नोव्हेंबर

प्रिय पेर्निल्ला,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो आहे. उत्तर नको. वाचलं नाहीस तरी चालेल.

ते पान लिहिताना मला वाटलं, मी तुझ्याशीच बोलतो आहे. लिफाफ्यावर तुझं नाव होतं, मला तेवढं पुरलं. आपण चांगल्यासाठी करतो आहोत असं वाटलं की माणूस पत्ता बघत नाही. स्टाफाननं मला विश्वासानं सांगितलं होतं ते मी त्यात घातलं, हे तर आणखी वाईट. त्याला फोन केला होता. तो म्हणाला, "बरं झालं, आता घरात सगळ्यांना माहीत आहे की मी रडतो." त्याचा हा चांगुलपणा मला फार लागला.

यॉर्डिसनं वर्तमानपत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि कोट न काढता उभी राहिली. म्हणाली, "परक्यांचं पोटात ठेवतोस आणि सख्ख्या बहिणीचं वेशीवर टांगतोस. चांगला पाद्री आहेस." मी म्हटलं, "यॉर्डिस, मला कळलंय." ती म्हणाली, "कळलं असेल तर कॉफी कर, माझे पाय गारठलेत." कॉफी पिऊन जाताना दाराशी म्हणाली, "पोरीला काहीतरी पाठव. आणि या वेळी झाकण लाव."

म्हणून सोबत केशर घातलेल्या पावांचा डबा आहे. झाकण लावलं आहे, वर दोरी बांधली आहे.

आज नाताळच्या आधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लावली. गुरुवारी हल्ली कमी माणसं लिहितात. मसुद्याची बातमी आल्यापासून असं झालं आहे. हे सांगण्यात कुणाचं काही उघडं पडत नाही, म्हणून सांगतो. मी वाट बघत बसतो आणि कुणी येत नाही. लांबच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याकडे धुराडं पेटलेलं दिसलं नाही की बाबा सायकल वळवून बघायला जायचे. मला कुणाकडे वळायचं तेच माहीत नसतं.

तू पूर्ण चुकलीस असं मला वाटत नाही. मी पूर्ण बरोबर आहे असंही वाटत नाही. त्या धक्क्यावरच्या मुलांना आठवून मी रोज विचारतो, माझ्या शपथेची किंमत कोण मोजतं. देवाकडून अजून काही ऐकू आलेलं नाही.

मला क्षमा कर. घाई नाही.

तुझा,
टोर्ग्नी

*

स्टॉकहोम, १० जानेवारी

प्रिय टोर्ग्नी,

पाव पोचले, एकही तुटला नव्हता. यॉर्डिसला सांग.

आता जे लिहिते आहे ते घरच्या पत्त्यावर, घरच्या पत्रात, आणि तुझ्याचकडे. लिफाफा मीच पेटीत टाकणार आहे.

वर्तमानपत्रात ते आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी घरात बसू शकले नाही. शेजारीण जिन्यात थांबून म्हणाली, "अगं, झोपेची एखादी गोळी घेत जा." तिच्याशी मी वर्षभरात चार शब्द बोलले नसेन. मी बेटांकडे जाणाऱ्या बोटीत चढले. कुठं जायचं नव्हतंच. बोट शेवटच्या बेटाला जाऊन परत फिरली, मी उतरले नाही. साऱ्या शहराला माझ्या घरातलं माहीत होतं आणि मला एका माणसाशीही बोलता येत नव्हतं. स्टाफानशी नाही, तुझ्याशी तर मुळीच नाही. मग मी फोन काढला आणि चर्चचं ते पान उघडलं.

हो. मीच. जिनं तुमची ती सेवा मसुद्यात घातली होती ती.

त्यांनी नाव विचारलं नाही. उत्तर वाचायला एक आकडा दिला, बस. मी लिहिलं, की मी एका मेलेल्या माणसाचा द्वेष करते आणि त्यानं माझं पोट भरत नाही. की मला मुलीच्या दाराबाहेरून उठता येत नाही, कारण मी उठले की ती जाईल असं वाटतं. की मी माझ्या भावाचाही द्वेष करते, आणि तो माझा एकुलता एक भाऊ आहे. असं पुष्कळ लिहिलं. ते सगळं तुला सांगत नाही.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. थोडंसंच होतं. "तुम्ही द्वेष करता असं लिहिलंत. मी ते वाचलं आणि मी अजून इथंच आहे. आज तुम्ही कुणालाही क्षमा करायची गरज नाही. उद्याही नाही. आज काही खाल्लंत का?"

मी खाल्लं नव्हतं. स्टेशनवर एक सॉसेज घेतलं आणि उभ्यानं खाल्लं. खाताना रडले. बाजूच्या माणसानं मला मोहरीची बाटली दिली, त्याला वाटलं मला तीच हवी आहे.

घरी गेले आणि टुवाचं दार वाजवलं. तिला म्हटलं, मी बाहेर बसत होते, मी तुला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "आई, बसायचंच असेल तर खुर्ची घे. जमिनीवर बसलीस की उठताना तुझे गुडघे वाजतात. मला एका कानानंही ऐकू येतं." मी खुर्ची घेतली. नंतर ती खुर्ची खोलीच्या आत गेली. हल्ली मी तिथं बसत नाही, फक्त तिचे कपडे त्यावर पडलेले असतात.

आता मसुद्याचं. इंगेगेर्डनं मला परत घेतलं. त्या म्हणाल्या, "राग आहे ते साऱ्या देशानं वाचलंय. आता तो कुठं आहे हे तरी आपल्याला माहीत आहे. उघड्यावरच्या रागाकडे लक्ष ठेवता येतं." मी त्यांना म्हटलं, पाद्र्यांची सेवा मसुद्यातून काढावी. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण मी सांगू शकत नाही. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. शेवटी वगळली ती, पुढच्या महिन्यात मसुदा तसाच जाईल. बाकीची कलमं आहेत. ती मी लिहिली आहेत आणि मला त्यांची लाज वाटत नाही. फोन कंपन्यांना ठेवावंच लागेल, पोलिसांना मागता येईल, न्यायाधीशाची सही असेल तरच. तुला ती आवडणार नाहीत, त्यावर आपण समोरासमोर भांडू. मी आणखी एक लिहिलं आहे, की पाच वर्षांनी हा कायदा आपोआप संपेल आणि पुन्हा विचार करावा लागेल. पाच वर्षांनी टुवा चोवीस वर्षांची असेल. तोवर मी कदाचित अशी नसेन.

त्या बोटीत बसून मला एक कळलं. माझं नाव कुठं राहणार असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. आणि मी वाईट काही करणार नव्हते.

तुला पहिल्या पत्रात जे विचारलं होतं ते मागे घेते. एप्रिलमधल्या त्या गुरुवारी जो कुणी बसला असेल त्यानं त्या माणसालाही असंच लिहिलं असेल, मी अजून इथंच आहे म्हणून. त्याला ते पुरलं नाही. मला पुरलं. असं का, हे मला कळत नाही, आणि टुवाच्या पायाला हे सांगून काही समाधान होत नाही. पण ज्यानं उत्तर दिलं त्याच्यावर माझा राग उरला नाही.

आणि माझ्या गुरुवारी कोण बसलं होतं, ते मी विचारणार नाही. ते चार ओळींचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. कधी वाटतं, त्यातला प्रत्येक शब्द तुझा आहे. कधी वाटतं, एकही नाही. आता शोधणं सोडलं आहे.

टुवाला फेब्रुवारीच्या सुट्टीत तुझ्याकडे यायचं आहे. एकटीला. तिनं स्वतःहून म्हटलं. ती कुणाशी फारशी बोलत नाही, आधीच सांगते, म्हणजे तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला चालेल का?

तुझी,
पेर्निल्ला

*

होगलुंदा, १७ जानेवारी

प्रिय पेर्निल्ला,

तुझं पत्र पोचलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग चर्चमध्ये जाऊन बसलो. याहून जास्त त्याच्याबद्दल काही लिहीत नाही.

पाच वर्षांच्या कलमाबद्दल मात्र लिहितो, ते चांगलं आहे. बाकीच्यांवर भांडू. मी मुद्दे काढून ठेवतो, तू तुझे आण. वकिलाशी भांडायची मला सवय नाही, पण यॉर्डिस माझ्या बाजूनं आहे. निदान अजून तरी.

चालेल का म्हणून काय विचारतेस. खालची खोली टुवासाठी लावली आहे, तिथं जायला जिना लागत नाही. स्नानघरात यॉर्डिसच्या पुतण्यानं भिंतीला दांडा बसवून दिला. बर्फ भरपूर आहे. तिला स्की जमली तर ठीक, नाहीतर माझ्याकडे ढकलायची घसरगाडी आहे, इथल्या सगळ्या म्हाताऱ्या बाया ती घेऊन दुकानात जातात. यॉर्डिस म्हणते, पोरीची उगाच विचारपूस करत बसू नकोस, तिला पॅनकेक दे. तसंच करीन. जेवताना मी तिच्या उजव्या हाताला बसेन, ते लक्षात आहे.

ओस्टरसुंदच्या फलाटावर मी उभा असेन. गाडीला उशीर झाला तरी असेन. तिथून इथं यायला तासाभराहून जास्त लागतं, रस्ता सगळा रानातून आहे, मध्ये काही लागत नाही.

तिला सांग, वाटेत बोलायचं नसेल तर बोलू नये. मला गप्प बसता येतं.

तुझा,
टोर्ग्नी